चार फुटांत दोघं

गादीच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक पहिल्या मिनिटात काय करणार, हे मी आता हिशेबाच्या वहीतून मान वर न करता सांगू शकते. पुरुष असेल तर मूठ आवळून गादी दाबतो. बाई असेल तर तळवा फिरवते, खोळीचं कापड चिमटीत धरते आणि "हे काढून धुता येतं का हो?" विचारते. सोबत सासूबाई असल्या तर त्या कडेवर बसून एक-दोन उसळ्या घेतात आणि "फारच मऊ आहे गं" असा निकाल देतात. आडवं मात्र कुणीच होत नाही. ज्या वस्तूवर पुढची आठ-दहा वर्षं रोज रात्री पाठ टेकायची, ती मुठीवर ठरते.

आमचं दुकान डोंबिवलीत. आजेसासऱ्यांच्या काळात तिथे कापूस पिंजला जायचा आणि गाद्यांना टाके घातले जायचे, आता काचेमागे फोम आणि स्प्रिंगच्या गाद्या उभ्या असतात. गिऱ्हाईक बहुतेक कल्याण-शीळ रस्त्याकडच्या नव्या टॉवरांतलं. बेडरूम दहा बाय दहाची, कधी त्याहूनही लहान. कपाटाचं दार उघडायला जागा सोडली, की पलंगाच्या वाट्याला चार फूट रुंदी येते. म्हणून आमच्याकडे ७२ बाय ४८ आणि ७५ बाय ४८ इंच या दोन मापांना मरण नाही. कंपन्यांच्या तक्त्यात या मापाला 'डबल' म्हणतात. आमचा जुना कारागीर त्याला 'दीड' म्हणतो आणि त्याचंच बरोबर आहे. ४८ इंचांची वाटणी केली तर माणशी २४ इंच येतात. रेल्वेच्या स्लीपर डब्यातला बर्थ साधारण तेवढाच रुंद असतो. अमेरिकेत तान्ह्या बाळाच्या क्रिबची गादीसुद्धा २७-२८ इंचांची असते. आणि इथे दोन मोठी माणसं, शिवाय पहाटे मध्ये येऊन झोपणारं तिसरं लहान.

एवढ्या रुंदीवर मऊ-कडक हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, गादीच्या कडा कशा आहेत आणि मधोमध काय होतं. सहा फुटी पलंगावर माणूस कडेपासून लांब सरकू शकतो. चार फुटीवर दोघंही कायम कडेलाच झोपलेले असतात. कड दबली तर रात्रभर पडण्याची धास्ती, मध्य दबला तर एकमेकांच्या अंगावर. हे मुठीला कळत नाही, ते कळायला दोघांनी शेजारी शेजारी पडावं लागतं. आणि भर दुकानात, सेल्समनच्या देखत, नवरा-बायको शेजारी पडणार? आपल्याकडे? शक्यच नाही.

म्हणून आम्ही दुकानाच्या मागच्या बाजूला एक पडदा लावला. आत ४८ इंची पलंग, दोन उशा, वर पंखा. जोडप्याला आत पाठवायचं, पोरांनी तिकडे फिरकायचं नाही, आणि पुढे रेडिओ जरा मोठा करायचा. हा पडदा लागल्यापासून गादी बदलून मागायला येणाऱ्यांची संख्या कमी झाली, हे माझं निरीक्षण. नवऱ्याचं म्हणणं, त्याने बाकी स्टाफ बदलला म्हणून झाली.

त्या पडद्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा विहिणींचा. साखरपुडा झालेलं एक जोडपं आलं, दोघांच्या आया बरोबर. पडद्यामागे जाऊन बघा म्हटल्यावर मुलगा-मुलगी लालबुंद आणि आया एकदम गप्प. लग्नाआधी असं कसं पाठवायचं! शेवटी मुलाची आई म्हणाली, "आपणच बघू या ना. काय हो विहीणबाई?" दोघींनी चपला काढल्या, पदर खोचले आणि आत गेल्या. एक अंगाने भरलेली, दुसरी अगदी काटकुळी. आत होती बॉनेल स्प्रिंगची स्वस्तातली गादी, कारण मुलाने बजेट तसंच सांगितलं होतं. पहिल्यांदा आवाज आला, "बरी वाटतेय की." मग स्प्रिंगा कुरकुरल्या. मग एक किंकाळी आणि पाठोपाठ खो खो हसणं. काटकुळ्या विहीणबाई घरंगळत थेट दुसरीच्या कुशीत गेल्या होत्या. "अहो, मी नाही आले, गादीने आणलं!" हे वाक्य आमच्या दुकानात अजून वापरात आहे. मानपानावरून दोघींमध्ये बरीच धुसफूस चालली होती, हे मुलीने नंतर हळूच सांगितलं. त्या दिवशी बाहेर पडताना दोघी एका रिक्षात बसल्या.

झालं होतं ते साधं. बॉनेलमधल्या सगळ्या स्प्रिंगा तारेने एकमेकींना बांधलेल्या असतात. एक दबली की शेजारणीला ओढते, आणि जड माणसाच्या दिशेने उतार तयार होतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत बसवलेली असते, त्यामुळे ती आपलं आपण दबते. कॅनडातल्या जेम्स मार्शल नावाच्या माणसाने सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी काढलेली ही युक्ती आहे, नवी मुळीच नाही. विहिणींनी पॉकेट स्प्रिंगचीच गादी पसंत केली, कडेने जाड फोमची चौकट असलेली. बजेट कोणी वाढवलं ते मी विचारलं नाही.

गादी कशी झिजते याचं खरं ज्ञान मात्र आमच्या टेम्पोवरच्या पोरांकडे आहे. एक्स्चेंजमध्ये जुनी गादी उचलताना ते एका नजरेत सांगतात. चार फुटी पलंगावरच्या जुन्या गादीला दोन खड्डे क्वचितच असतात. एकच असतो, मधोमध, लांबट. नाहीतर एका बाजूची कड पार बसलेली असते, कारण खोलीत खुर्चीला जागा नसते आणि चहा, मोबाइल, पायमोजे, मुलांचा अभ्यास, सगळं त्याच कडेवर बसून होतं. "वहिनी, या घरात एक जण हॉलमध्ये झोपतो," असंही ते खाली येऊन सांगतात. मी त्यांना गप्प बसायला सांगते. एक्स्चेंजचं गुपितही इथेच सांगून टाकते. जुन्या गादीला आमच्या लेखी फारशी किंमत नसते. जी 'सूट' मिळते ती छापील किमतीत आधीच घालून ठेवलेली असते.

आता फोमकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त थापा तिथे चालतात. "४० डेन्सिटी म्हणजे कडक ना?" असं रोज कोणीतरी विचारतं. नाही. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणा निराळा. ४० चा फोम मऊ असू शकतो आणि २८ चा दगडासारखा. हे मला एका निवृत्त गृहस्थांनी पक्कं शिकवलं. ते वजनमाप खात्यात होते म्हणे. त्यांनी पिशवीतून बॅग तोलायचा आकड्याचा काटा काढला आणि म्हणाले, "७२ बाय ४८ चा, चार इंच जाडीचा फोम. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ४० असेल तर नऊ किलो भरला पाहिजे. सव्वासात भरला तर तो ३२ आहे." पोरांनी नुसता फोम दोरीने बांधून काट्याला लटकवला. नऊच्या आसपास भरला, सुदैवाने. त्या दिवसापासून मी आलेल्या मालातला एखादा नग स्वतः तोलते. एका पुरवठादाराने तेव्हापासून आमच्याकडे येणं सोडलं आहे.

मेमरी फोमची गोष्ट आणखी मजेदार. प्रत्येक सेल्समन तो "नासाने बनवलेला" म्हणून विकतो. एका शाळकरी मुलाने आमच्या पोराला भर दुकानात विचारलं, "काका, अंतराळात वजनच नसतं, मग गादी कशाला लागते?" पोराची बोलती बंद. खरी हकीकत अशी की १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट या अभियंत्याने नासाच्या कामासाठी हा फोम तयार केला तो विमानातल्या आसनांसाठी, धक्का झेलायला. अंगाच्या उबेने तो मऊ पडतो आणि आकार घेतो. थंड प्रदेशात छान. मे महिन्यात डोंबिवलीच्या बंद बेडरूममध्ये, जिथे दोन अंगांची ऊब चार फुटांत कोंडलेली असते, तिथे नुसत्या मेमरी फोमचा जाड थर मी कुणालाही सुचवत नाही. एसी असेल तर बघा. नसेल तर लॅटेक्स किंवा काथ्यावर फोम.

काथ्याची गादी अजून जोरात विकली जाते, विशेषतः वडीलधाऱ्यांना. नारळाच्या सोडणाचा काथ्या रबराच्या चिकात बांधून ती करतात. हवा खेळते, कडक असते, स्वस्त पडते. वर्षानुवर्षं 'काथ्या की फोम' या भांडणावर दुकानं चालली. मग २०२३ मध्ये स्लीपवेलच्या शीला फोमने काथ्याच्या गाद्यांसाठी ओळखली जाणारी कर्लऑन विकत घेतली आणि भांडण एकाच घरात गेलं. आमच्या सासऱ्यांना त्याचं भारी हसू आलं होतं.

कडक म्हणजे पाठीला चांगलं, ही समजूत मात्र हलत नाही. कंबर धरलेला माणूस येतो तो "फळीसारखी द्या" म्हणतच. त्याच्यासाठी 'ऑर्थो' लिहिलेल्या गाद्या ओळीने उभ्या असतात, आणि बहुतेकींच्या बाबतीत तो शब्द फक्त कडकपणाच सांगतो. स्पेनमधल्या संशोधकांनी जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना कडक आणि मध्यम कडक गाद्यांवर नव्वद दिवस झोपवून पाहिलं होतं. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम पडला. मी हे सांगते तेव्हा लोक मान डोलावतात आणि कडकच घेऊन जातात.

सुताराचा अर्धा इंच हे आमच्या धंद्यातलं कायमचं दुखणं. गिऱ्हाईक सांगतं चार बाय सव्वासहा. सुताराने आतून बीडिंगची पट्टी मारलेली असते, आणि आतलं माप निघतं साडेसत्तेचाळीस. गादी मधून फुगून वर येते. काथ्या, फोम, लॅटेक्स कारखान्यात मापाने कापून मिळतात. स्प्रिंगची तयार गादी कापता येत नाही. आणि मापाने कापलेली परत कुणी घेत नाही. म्हणून मी सांगते, टेप फळीपासून फळीपर्यंत आतून लावा, डोक्याशी, पायाशी आणि मध्ये. आणि कागदावर लिहा, तोंडी नको.

खोक्यातून गुंडाळून येणाऱ्या गाद्यांनी जिन्याचा त्रास वाचवला, हे खरं. पण एका काकांनी ते खोकं कौतुकाने हॉलमध्ये उघडलं, सगळ्यांनी फोटो काढले, गादी फुगली, आणि मग ती बेडरूमच्या बोळातून वळेना. ती दुसऱ्या कुणाकडून घेतलेली, पण मदतीला बोलावलं आमच्या पोरांना. फोमची होती म्हणून दुमडून नेली. स्प्रिंगची असती तर पाहुण्यांना हॉलमध्येच झोपवावं लागलं असतं.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही, ती म्हणजे पलंगाखाली काय आहे. छोट्या घरात पलंग म्हणजे कोठीची खोली. पापड, मोठी पातेली, गणपतीचं मखर, लग्नातल्या साड्या. वर आठ इंची लॅटेक्स टाकली तर ते झाकण उघडायला दोन माणसं लागतात. त्यात प्लायला भोकं पाडलेली नसली तर पावसाळ्यात गादीच्या पोटाला बुरशी धरते, ती दिवाळीच्या सफाईत दिसते. जाडीचंही तसंच. दहा इंचांची गादी शोरूममध्ये श्रीमंत दिसते. एका घरी ती टाकल्यावर आजींचे पाय जमिनीला टेकेनात, मग पलंगाशी पाट ठेवला, आणि रात्री उठताना त्या पाटाला नातू अडखळला.

सध्या आमच्याकडे चर्चेत आहेत ते एक साठीचं जोडपं. काकांना कडक हवी, काकूंना मऊ. तीन-तीन फुटांच्या दोन सिंगल बसत नाहीत, पलंग चार फुटांचा. मग कारखान्यातून २४-२४ इंचांचे दोन तुकडे करून घेतले, एक कडक फोमचा आणि एक लॅटेक्सचा. ते एका चेनच्या खोळीत घातले आणि मधली फट जाणवू नये म्हणून वर पातळ थर टाकला. दोघं खूश. गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. ह्यांना रात्री उठावं लागतं, बाथरूम माझ्या बाजूला आहे, तर आम्ही बाजू बदलल्या. आता खोळ उघडून तुकडे बदलून द्या. मी म्हटलं, पोरं पाठवते. मागून काकांचा आवाज आला, "नको, नको, राहू दे. मऊच बरी वाटतेय." त्यावर काकूंनी फोन ठेवला नव्हता, त्यामुळे पुढचं संभाषण मला सगळं ऐकू आलं. पोरं उद्या सकाळी जाणार आहेत.