अपडेटनंतर स्क्रीन बिघडली? खर्च करण्याआधी हे वाचा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन, आणि मी रात्री लॅपटॉपवर लिनक्सचा अपडेट मारला. रीस्टार्ट केलं तर समोर नुसती काळी स्क्रीन. पंखा फिरतोय, कीबोर्डचा लाइट लागतोय, पण दिसत काहीच नाही. ग्राफिक्स कार्ड गेलं असं समजून मी घरी पैसे कसे मागायचे याचा विचार करत बसलो. शेवटी हॉस्टेलमधला एक मित्र म्हणाला, "अरे, चालू होताना जुना कर्नल निवडून बघ ना!" पाच मिनिटांत लॅपटॉप सुरू. कार्ड ठणठणीत होतं. अडकला होता तो ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

गेम ग्राफिक्स चिपशी थेट बोलत नाही. तो वल्कन किंवा ओपनजीएलसारख्या ठरलेल्या भाषेत सांगतो, "इथे त्रिकोण काढ, त्यावर हे चित्र चिकटव." पण ॲड्रिनो, माली, एनव्हिडिया अशा प्रत्येक चिपची आतली भाषा वेगळी. मधे बसून भाषांतर करतो तो ड्रायव्हर. हे करताना तो ऑपरेटिंग सिस्टमकडून मेमरी मागतो, कामाची रांग लावतो, तयार झालेलं चित्र स्क्रीनकडे पाठवतो. म्हणजे त्याचा एक पाय चिपमध्ये आणि दुसरा सिस्टममध्ये. अपडेटने सिस्टमची आतली मांडणी बदलली की हा दुसरा पाय घसरतो.

मुद्दाम कोणी बिघडवतं का?

नाही. लिनक्समध्ये ॲप्स बंद पडणार नाहीत याची काळजी घेतली जाते, पण कर्नलच्या आतल्या जोडण्या कायम तशाच राहतील असं वचन कोणी देत नाही. जे ड्रायव्हर कर्नलच्याच कोडमध्ये असतात, ते बदल करणारेच दुरुस्त करतात. बाहेरून टाकलेला ड्रायव्हर मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड करावा लागतो. हे काम सहसा आपोआप होतं. माझ्याकडे त्या रात्री ते फसलं होतं.

विंडोजचं मोठं उदाहरण म्हणजे २००७ साली बाजारात आलेला व्हिस्टा. त्यात मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदलली, त्यामुळे चिप कंपन्यांना नवे ड्रायव्हर लिहावे लागले. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यांतल्या २००७ च्या क्रॅश नोंदींमध्ये जवळपास २९ टक्के क्रॅश एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. पण बदल उगाच नव्हता. आज ड्रायव्हर अडकला तर बऱ्याचदा स्क्रीन क्षणभर काळी होते आणि काम पुढे चालू राहतं, ती सोय याच नव्या रचनेतून आली.

फोनमध्ये काय वेगळं?

२०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत गूगलने प्रोजेक्ट ट्रेबल आणलं. चिपशी संबंधित कोड, त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरही आला, वेगळ्या कप्प्यात ठेवायचा आणि मधली जोडणी ठरवून टाकायची, अशी ही कल्पना. त्यामुळे त्रास कमी झाला, संपला नाही. मोठ्या अपडेटसोबत ड्रायव्हरही बदलू शकतो, आणि एखादा गेम नेमका त्याच्याशीच पटवून घेत नाही.

आयफोनमध्ये चिप, ड्रायव्हर आणि आयओएस तिन्ही ॲपलच्या हातात असल्यामुळे जुळवाजुळव सोपी जाते. पण दोन्हीकडे खरी अडचण एकच: परतीचा रस्ता. लॅपटॉपवर जुना ड्रायव्हर परत टाकता येतो. फोनवर जुनं व्हर्जन टाकणं अनेकदा शक्यच नसतं, आणि जमलं तरी बहुतेक वेळा सगळा डेटा पुसला जातो.

आधी स्क्रीनशॉट काढा

अपडेटनंतर स्क्रीनवर रेघ, ठिपके किंवा विचित्र रंग दिसतायत? स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर उघडा. दोष तिथेही दिसला, तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे संशय सॉफ्टवेअरवर. असं असेल तर डिस्प्ले बदलून उपयोग नाही. तिथे चित्र स्वच्छ दिसलं, तर बहुधा डिस्प्ले किंवा त्याची जोडणी गडबडली आहे. ही चाचणी शंभर टक्के पक्की नाही, पण फुकट आहे, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये योग्य प्रश्न विचारायला पुरेशी आहे.

मग करायचं काय?

- एकाच गेममध्ये त्रास असेल तर: आधी गेम अपडेट करा, त्याची कॅशे साफ करा. सेटिंगमध्ये वल्कन आणि ओपनजीएल असा पर्याय असेल तर बदलून बघा.
- फोनभर त्रास असेल तर: सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे सगळं नीट चाललं, तर दोष नंतर टाकलेल्या एखाद्या ॲपचा असू शकतो.
- विंडोज लॅपटॉप: विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. तरी जमलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडा.
- लिनक्स: सुरुवातीच्या मेनूमधून जुना कर्नल निवडा.

याचा अर्थ अपडेट बंद करून टाका असा नाही. सिक्युरिटी पॅच आला की लगेच घ्या. सिस्टमचं अख्खं व्हर्जन बदलणाऱ्या मोठ्या अपडेटला मात्र एक-दोन आठवडे थांबायला हरकत नाही. तोवर तुमच्याच मॉडेलवाल्यांचा अनुभव कळतो. बॅकअप घ्या, मग अपडेट मारा.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तर अजिबात नको!