चार वेढे की सात? बारक्या गोगलगायीची ओळख कशी पटवायची

सोयाबीन उगवून वर आलं, की जऊळक्याकडून (जऊळका रेल्वे, ता. मालेगाव, जि. वाशिम) माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. तळहातावर एक सेंटिमीटरभर लांबीचा शंख आणि खाली एकच प्रश्न, "भाऊ, हे आफ्रिकनचं पिल्लू होय का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागची काळजी खरी आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. आपला वाशिमही सोयाबीनचाच पट्टा.

ही मोठी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. बोडिच यांनी १८२२ मध्ये तिला 'अकाटिना फुलिका' हे नाव दिलं. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली आणि तिथून ती भारतात पसरली. आज तिला 'लिसाकाटिना फुलिका' म्हणतात, कारण पश्चिम आफ्रिकेतल्या खऱ्या अकाटिनांपेक्षा हा पूर्वेकडचा गट वेगळा मानला जातो.

पूर्ण वाढलेली ओळखायला काही अवघड नाही. पाच-दहा सेंटिमीटरचा शंख, त्यावर तपकिरी पट्टे. घोळ होतो तो लहानपणी. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं असतं. आणि आपल्या परसात, कुंडीत, शेणखताच्या ढिगात तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या गोगलगायी आधीपासून राहतात.

मग फरक कसा करायचा? आकार मोजू नका, वेढे मोजा.

गोगलगाय नवीन शंख बनवत नाही, जुन्यालाच तोंडाच्या बाजूने वाढवत जाते. म्हणजे शंखाचं टोक हा तिचा जन्माचा भाग, आणि वेढे जणू झाडाच्या खोडातली वलयं (वर्षं मात्र त्यावरून मोजता येत नाहीत). आफ्रिकन गोगलगायीचे मोठेपणी सात ते नऊ वेढे होतात. त्यामुळे एक सेंटिमीटरच्या शंखात चारच वेढे असतील, शेवटचा वेढा फुगीर असेल, तर ते मोठ्या जातीचं पिल्लू असण्याची शक्यता जास्त. तेवढ्याच लांबीत सात-आठ वेढे भरले असतील, शंख सुईसारखा निमुळता, फिकट आणि जवळपास पारदर्शक असेल, तर ती पूर्ण वाढलेली बारकी जात आहे. उदाहरणार्थ, 'अलोपिअस ग्रासिले'. हटन यांनी १८३४ मध्ये मिर्झापूरच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं होतं.

दुसरी खूण तोंडाशी. शंखाच्या मधल्या खांबाचं खालचं टोक बघा. आफ्रिकन गोगलगायीत ते कात्रीने छाटल्यासारखं दिसतं, अगदी पिल्लातसुद्धा. अलोपिअसमध्ये तसं नसतं. पण 'सुब्युलिना ऑक्टोना' या बारक्या जातीतही खांब छाटलेलाच असतो! म्हणून एकाच खुणेवर निकाल द्यायचा नाही. वेढे, फुगीरपणा आणि खांब, तिन्ही जुळले पाहिजेत. तरीही शंका राहिली, तर प्रयोगशाळेत जननेंद्रियांचं विच्छेदन आणि डीएनए तपासणी हाच मार्ग.

गंमत म्हणजे या सुईसारख्या गोगलगायींचं पूर्वी वेगळं कुळ मानत. आनुवंशिक अभ्यासानंतर आता त्यांना आफ्रिकन गोगलगायीच्याच कुळात, अकाटिनिडीत, धरतात. म्हणजे परसातली ही बारकी तिची चुलत बहीणच म्हणा ना!

हे सगळं कशासाठी? अलोपिअससारख्या जाती बहुतेक करून कुजका पालापाचोळा खातात. त्यांना बघून शेतभर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या, तर पैसे वाया जातात, आणि त्या गोळ्या कुत्र्यामांजरांनाही विषारीच. उलट पिल्लू खरंच आफ्रिकन असेल आणि दुर्लक्ष झालं, तर एक मादी... चुकलं, त्यांच्यात नर-मादी वेगळे नसतात. एकच गोगलगाय एका वेळी शंभरच्या वर अंडी घालू शकते. सुरुवातीला ओळख पटली, तर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं टाकून त्या गोळा करणं आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवणं पुरतं.

तर फोटो पाठवताना तीन काढा: तोंडाच्या बाजूने, टोकाकडून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि हातात प्लास्टिकची पिशवी घाला बरं का. आफ्रिकन गोगलगायीत माणसाच्या मेंदूला अपाय करणारा उंदरांच्या फुप्फुसातला कृमी असू शकतो.