यंत्राने गाळलेली कारणे

विद्यार्थी शाळेत टिकेल की शाळा सोडेल, अशा 'होय-नाही' प्रश्नासाठी संख्याशास्त्रात लॉजिस्टिक रिग्रेशन ही पद्धत वापरतात. पालकांचे उत्पन्न, आईचे शिक्षण, जात, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर अशी अनेक कारणे तीत घालता येतात. त्यांतील कोणती ठेवावी हे पुष्कळदा संगणकच ठरवतो. एकेक कारण घालून वा काढून पाहतो आणि उरलेल्यांची यादी देतो. वसतिगृह चालवणाऱ्या आम्हांस या सोयीची धास्ती वाटते.

जात आणि उत्पन्न ही आपल्याकडे एकमेकांत गुंतलेली. अशा जोडीतून संगणक बहुधा एकच उचलतो. थोडी माहिती बदलली की दुसरे. मग यादीतून जात गळाली म्हणजे तिचा परिणाम नाही, असा अर्थ काढला जातो. तो चूक आहे. उलट, निरर्थक अशी २० कारणे ५ टक्क्यांच्या कसोटीवर तपासली, तर सरासरी एक निव्वळ योगायोगाने उत्तीर्ण होते! रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९६ साली मांडलेली 'लासो' पद्धत अधिक स्थिर खरी, पण गुंतलेल्या जोडीपुढे तीही अडखळते. म्हणून असा अहवाल हाती आला की आरंभी किती कारणे घेतली होती, कोणती गाळली आणि नव्या माहितीवर निवड पडताळली काय, हे आम्ही आधी विचारतो.