बोर्ड : एका फळीचे अनेक अर्थ

इंग्रजीतील ‘बोर्ड’ या नामाचा मूळ अर्थ लाकडाची सपाट फळी हा असला, तरी दुकानावरची पाटी, वसतिगृहातील जेवण, कंपनीचे संचालक, परीक्षा घेणारी संस्था आणि विमानात चढणे या सर्वांशी आज तो शब्द जोडला गेला आहे. वरवर हे अर्थ विस्कळीत वाटतात. परंतु फळीचा उपयोग कशासाठी झाला आणि तिच्याभोवती कोण बसले हे पाहिले, की त्यांतील बहुतेकांचा उलगडा होतो.

मध्ययुगीन इंग्लंडमधील मोठ्या घरांत लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकून जेवणाचे मेज मांडले जाई आणि जेवण उरकल्यावर ते मोडून ठेवले जाई. या मेजालाही ‘बोर्ड’च म्हणत, आणि पुढे त्यावरच्या अन्नालाही तेच नाव मिळाल्यामुळे पैसे भरून दुसऱ्याकडे जेवणारा तो ‘बोर्डर’ आणि जेवणासह राहण्याची सोय ती ‘बोर्डिंग’ ठरली. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात 1901 साली सुरू झालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्यानंतर निघालेली विविध समाजांची वसतिगृहे यांच्या नावांत हाच अर्थ आहे.

मेजाभोवती बसून विचारविनिमय करणाऱ्यांनाही मेजाचेच नाव मिळाले. संस्कृत काव्यशास्त्रात या व्यापाराला लक्षणा म्हणतात, म्हणजे मुख्य अर्थ जुळत नसेल तेव्हा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेणे. ‘मंच ओरडतात’ या तेथील प्रसिद्ध उदाहरणात ओरडतात ती मंचावरची माणसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभारावर देखरेख करण्यासाठी 1784 च्या कायद्याने नेमलेले ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ आणि 1 जानेवारी 1966 रोजी स्थापन झालेले महाराष्ट्राचे परीक्षा मंडळ ही दोन्ही ‘बोर्डे’ याच अर्थाची आहेत.

जहाजाशी संबंधित अर्थाची वाट मात्र वेगळी आहे. जहाजाच्या कडेलाही जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणत. सुकाणूचे वल्हे उजवीकडे बांधलेले असे, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’ झाली. डाव्या बाजूचे ‘लारबोर्ड’ हे नाव उच्चाराने तिच्याशी फार जुळत असल्याने हुकूम देताना घोटाळा होई, त्यामुळे ब्रिटिश नौदलाने 1844 साली त्याऐवजी ‘पोर्ट’ हा शब्द लागू केला. विमानतळावरचा ‘बोर्डिंग पास’ याच जहाजी अर्थाचा वारस आहे.

स्विचबोर्ड, की-बोर्ड, मदरबोर्ड या नावांत सपाट पृष्ठभागाची मूळ कल्पना टिकून आहे, मग ती वस्तू लाकडाची नसली तरी चालते.

मराठीने यातील अनेक अर्थ उचलले आणि त्यांची वाटणी विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि प्रसंग यांच्याकडे सोपवली. ‘मुलगी यंदा बोर्डाला आहे’ म्हणजे ती दहावी किंवा बारावीत आहे. ‘ते बोर्डावर आहेत’ म्हणजे ते संचालक किंवा सदस्य आहेत. तर वकिलाच्या तोंडी ‘दावा आज बोर्डावर आहे’ याचा अर्थ न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामांच्या यादीत तो लागला आहे, असा होतो. शासकीय मराठीने मंडळ, फलक, फळा असे निरनिराळे शब्द योजल्यामुळे लेखनात संदिग्धता उरत नाही. बोलताना मात्र एकच ‘बोर्ड’ पुरतो, कारण प्रत्यय, अव्यय आणि प्रसंग मिळून नेमका अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पोचवतात.