तिरुपूरची रंगाई आणि नोय्यल नदी

तिरुपूरचे बनियन, टी-शर्ट आपण सर्वच विकतो. सुती कापडावर पक्का रंग चढवायला मीठ भरपूर लागते, आणि हे खारे सांडपाणी वर्षानुवर्षे कावेरीला मिळणाऱ्या नोय्यल नदीत गेले. ओरत्तुपालयम धरण बांधले शेतीसाठी, साचले त्यात रंगाईचे पाणी. विहिरी खारावल्या. शेवटी शेतकरीच म्हणू लागले, धरणाचे पाणी सोडू नका!

जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करविले. मजूर घरी बसले, कापड रंगाईसाठी परराज्यांत जाऊ लागले. पाणी शुद्ध करण्याचा खर्च आमच्या खरेदीच्या भावात कधी नव्हताच. तो शेतकरी भरत होता. आम्हीही भाव पाडूनच माल उचलला, हे कबूल केले पाहिजे. पुढे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर कारखाने सुरू झाले.