शरणपूरची लेकरं, फ्रेअर टाउनचे कर्ते

केनियाच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती समाजाचा पाया घालणाऱ्यांत नाशिकला वाढलेली माणसं होती, हे मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘कोण बरं ती?’ संपादकांनी पानं मोकळी दिली आहेत, तेव्हा आज या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देतो.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. एकोणिसाव्या शतकात झांझिबार ही गुलामांची मोठी पेठ होती. न्यासा सरोवराच्या आसपासची याओ आणि इतर जमातींची माणसं, त्यांत कितीतरी लहान मुलं, पकडून किनाऱ्यावर आणली जात. ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं अडवी आणि सोडवलेल्यांना एडनला किंवा मुंबईला उतरवी. मुंबईत पोलीस या मुलांना कुणाच्या घरी नाहीतर एखाद्या मिशनकडे सोपवीत. चर्च मिशनरी सोसायटीने १८६० च्या सुमारास आपल्याकडची आफ्रिकन मुलं नाशिकजवळच्या शरणपूरला हलवली. तिथल्या ख्रिस्ती वसाहतीचे प्रमुख होते विल्यम सॉल्टर प्राइस.

शरणपूरमध्ये मुलांना अक्षरओळख आणि बायबल तर शिकवलंच, पण सुतारकाम, लोहारकाम आणि शेतीही शिकवली. तिथे त्यांना नवी नावंही मिळाली. चेंगविंबे नावाचा याओ मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. पोराचं मूळ नाव पुसून टाकणं मला आजही खुपतं. पण या मुलांना आई, बाप, कूळ, गाव यांतलं काहीच उरलं नव्हतं. अशा पोरक्यांना ‘हा आमचा’ म्हणणारं कुणीतरी तिथे भेटलं. त्या दत्तकविधानाला कायद्याचा कागद नव्हता, बाप्तिस्म्याची नोंद हाच त्याचा दाखला. या मुलांनी पुढे श्रद्धेला नात्यासारखं धरून ठेवलं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. त्याचं नाव जेकब वेनराइट.

आफ्रिकेत प्रवास करणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये नाशिकला आले होते आणि शरणपूरच्या नऊ तरुणांना त्यांनी आपल्या अखेरच्या प्रवासासाठी निवडलं. पुढे १८७२ मध्ये त्यांच्या मदतीला जी तुकडी गेली, तिच्यात शरणपूरचे आणखी सहा जण होते. जेकब त्यांतला एक. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारले. किनारा महिनोन्महिन्यांच्या वाटेवर होता आणि सोबत एकही गोरा माणूस नव्हता. तिथेच पुरून मोकळं व्हायला कुणाची हरकत असणार? पण सुसी आणि चुमा या म्होरक्यांनी सगळ्यांशी बोलून देह मायदेशी पोचवायचं ठरवलं. यातला चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला.

हृदय आणि आतडी एका झाडाखाली पुरली. त्या वेळी प्रार्थना म्हटली जेकबने. झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. सामानाची यादी केली, रोजनिशी ठेवली. मीठ लावून देह चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीत बसवला आणि वरून शिडाचं कापड शिवलं. मग दीड हजारांहून अधिक किलोमीटरची वाट सुरू झाली. प्रेत घेऊन जाणाऱ्यांना गावं अडवू लागली, तेव्हा देह परत पाठवल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्याच्या रूपात पुढे नेला. वाटेत भेटलेल्या ब्रिटिश लेफ्टनंट कॅमेरॉनने सुचवलं, ‘इथेच दफन करा.’ त्यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले.

चर्च मिशनरी सोसायटीने खर्च केला म्हणून जेकब देहासोबत इंग्लंडला जाऊ शकला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत, लिव्हिंग्स्टनना शोधायला गेलेल्या स्टॅन्लीच्या जोडीला, नाशिकला शिकलेला हा आफ्रिकन तरुण होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते अंत्यविधी आटोपल्यावर. ॲबीतल्या शिळेवर लिव्हिंग्स्टनला निष्ठावान हातांनी आणल्याचा उल्लेख आहे, पण त्या हातांची नावं नाहीत. मला हा अन्याय वाटतो. जेकब १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे वारला.

नाशिकच्या मुलांचं खरं मोठं काम मात्र याच सुमारास मोंबासाला सुरू झालं. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांनी १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी केली. त्यानंतर झालेल्या तहाने गुलामांचा बाजार बंद पडला. आता सुटलेल्यांना ठेवायचं कुठे? मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर १८७५ मध्ये वस्ती उभी राहिली ती फ्रेअर टाउन. उभारायला आले तेच शरणपूरचे प्राइस. आपण वाढवलेल्या मुलांचं बळ त्यांना ठाऊक होतं. हिंदुस्थानातून दीडशेच्या आसपास आफ्रिकन तिथे गेले. लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले.

पकडलेल्या गलबतातून भेदरलेली माणसं किनाऱ्यावर उतरत, तेव्हा त्यांना समजून घेणारी माणसं तिथे उभी असत. एके काळी त्यांनाही असंच उतरवलेलं होतं. त्यांनी घरं बांधली, शाळेत शिकवलं आणि हाताला काम दिलं. ज्यांना कुणीतरी पदरात घेतलं होतं, त्यांनी इतरांना पदरात घेतलं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

यांतला सर्वांत ठाम माणूस विल्यम जोन्स. हा जन्माने याओ, पेशाने लोहार. तो १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या राबाईला गेला होता. क्राफ्ट आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये तिथे ठाणं घातलं होतं. बिशप हॅनिंग्टन यांनी १८८५ मध्ये जोन्सला दीक्षा दिली आणि त्याच वर्षी त्याला युगांडाच्या वाटेवर सोबत नेलं. जोन्सला बहुतेक माणसांसह मागे ठेवून बिशप पुढे गेले आणि बुसोगात मारले गेले. उरलेला काफिला जोन्सने सांभाळून राबाईला परत आणला. पुढे निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ हा बायबलमधला शोकाचा शब्द.

राबाईला जोन्सने मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. मालक चवताळले. फरारींना थारा देणं मिशनच्या वरिष्ठांना अडचणीचं होत होतं, पण दारी आलेल्याला परत कसं पाठवायचं? शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझी यांनी मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेहून अधिक माणसांना सुटकेचे कागद मिळाले. तरीही या बॉम्बे आफ्रिकनांना गोऱ्या मिशनऱ्यांनी बरोबरीची वागणूक दिली नाही. त्यावरून खटके उडत राहिले. शिकवायचं आणि मग शिकलेल्याला पायरीखाली ठेवायचं, हा त्या काळच्या मिशनचा मोठा दोष होता.

मोंबासाला गेलो तेव्हा मी फ्रेअर टाउनची घंटा पाहायला गेलो. गुलाम पकडणारे येताहेत असं दिसलं की वस्तीला सावध करायला ती वाजवत. आता मनोऱ्याभोवती मटाटूंची, म्हणजे प्रवासी गाड्यांची, वर्दळ असते, कोंगोवेआचा बाजारही जवळच आहे. त्या गर्दीत मी बराच वेळ उभा राहिलो. नाशिकच्या सुतारशाळेत रंधा धरायला शिकलेले हात इथे घरं उभारत होते, या विचाराने भरून आलं.

या वस्तीने शिक्षक, कारकून आणि लेखक दिले. मुक्त झालेल्यांच्या घरात जन्मलेल्या जेम्स जुमा म्बोतेला यांनी ‘उहुरू वा वातुम्वा’ हे गुलामांच्या मुक्तीवरचं स्वाहिली पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांच्याच कुटुंबातला लेनर्ड माम्बो म्बोतेला केनियाच्या रेडिओवरचा घराघरांत ओळखला जाणारा आवाज झाला. जेकबसोबत लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणारा मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत मोंबासात हयात होता.

नाशिककरांना माझं एक सांगणं आहे. शरणपूर रोडवरून तुमची रोज ये-जा असते. जेकब वेनराइट, विल्यम जोन्स आणि मॅथ्यू वेलिंग्टन ही नावं आपल्या शहराच्या इतिहासातली आहेत. ती शाळेत मुलांना शिकवा आणि त्या रस्त्यावर फलकावर ठळक लिहा.