सेल्फ लागत नाही, तेव्हा...

गाडी चालू होत नाही असं दिसलं की आपला पहिला संशय इंजिनावर जातो. बॉनेट उघडलं जातं, आजूबाजूचे चारजण जमतात, एकजण ऑइलची पट्टी ओढून बघतो, दुसरा पेट्रोल आहे का विचारतो. वायरमन आला की यातलं काहीच करत नाही. ‘सेल्फ मारा’ म्हणतो आणि कान देतो. आजच्या गाडीत इंजिनाचा नंबर शेवटी लागतो. त्याआधी किल्लीतला तीन व्होल्टचा सेल, बॉनेटखालची बारा व्होल्टची बॅटरी आणि या दोघांच्या मधला, किल्ली ओळखणारा इमोबिलायझर यांचा होकार लागतो. ऐन ऑफिसच्या वेळी दगा देणारं बहुतेकदा यांच्यातलंच कुणीतरी असतं.

जुन्या पद्मिनी आणि अँबॅसडरला असल्या होकाराची गरज नव्हती. बॅटरी उतरली की डिकीतलं लोखंडी हँडल काढायचं, पुढून घालायचं आणि जोर लावून फिरवायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगटावर बेतायचं, म्हणून जाणते ड्रायव्हर दांडा धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवत. हा धोका संपवणारा, चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर अमेरिकेत १९१२च्या कॅडिलॅकमध्ये बसला. आपण ज्याला सेल्फ म्हणतो तो हाच. हँडल गेलं आणि गाडीचा सगळा भार बॅटरीवर आला.

पण आधी किल्ली. बटणावर चालू होणाऱ्या गाडीची किल्ली खिशातच राहते, त्यामुळे ती काही करते असं वाटतच नाही. दाराच्या हँडलला हात लावला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडते. त्यांचा पल्ला जेमतेम मीटर-दीड मीटर. किल्ली तेवढ्या टापूत असेल तर ती जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास गाडीला उत्तर देते. गाडीचा प्रश्न दर वेळी नवा, म्हणून उत्तरही नवं. साध्या रिमोटचा कोडसुद्धा प्रत्येक वेळी बदलतो. कुणी तो हवेतून टिपून ठेवला तरी दुसऱ्यांदा चालत नाही.

चोरांनी यावर सरळ तोडगा काढला. कोड फोडायच्या भानगडीत न पडता त्यांनी पल्लाच लांबवला. एकजण घराच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी, आणि दोघांच्या हातातली यंत्रं गाडीचा प्रश्न घरातल्या किल्लीपर्यंत आणि तिचं उत्तर गाडीपर्यंत पोचवतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. दाराजवळच्या खुंटीला किल्ली टांगायची आपली पद्धत या हिशेबाने चुकीचीच. आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ती बरीच सुरक्षित राहते.

बऱ्याच किल्ल्यांत सीआर २०३२ नावाचा चपटा सेल असतो. आकड्यातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. दुकानदाराने २०२५ दिला तर तो व्यासाला तेवढाच, पण २.५ मिलिमीटर जाड. आत बसतो, मात्र सैल राहतो, आणि मग रिमोट कधी चालतो कधी नाही. सेल संपत आला की आधी पल्ला कमी होतो. पूर्वी गॅलरीतून उघडणारी गाडी आता जवळ गेल्याशिवाय दाद देत नाही. काही दिवसांनी डॅशबोर्डवर किल्ली सापडत नसल्याचा संदेश येतो. किल्ली टीव्ही, मोबाइल किंवा इंडक्शनच्या शेगडीशेजारी ठेवू नका असं टोयोटाच्या माहितीपुस्तकात सांगितलेलं असतं. तिथल्या लहरींना दाद देत राहण्यात सेल लवकर संपतो.

सेल अगदी संपला तरी अडून बसायचं कारण नाही. बहुतेक किल्ल्यांच्या पोटात एक बारीक लोखंडी किल्ली दडवलेली असते, आणि तिचं भोक दाराच्या हँडलवर, कधी छोट्या झाकणाखाली असतं. आत बसल्यावर रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरायचा आणि ब्रेक किंवा क्लच दाबून गाडी चालू करायची. काही मॉडेलांत रिमोट टेकवायची जागा वेगळी असते. किल्लीतल्या इमोबिलायझरच्या चिपला सेल लागत नाही. गाडीतल्या वेटोळ्याकडून मिळणाऱ्या चिमूटभर ऊर्जेवर ती काम करते. हे माहीत नसल्यामुळे टो व्हॅन बोलावली जाते, आणि शंभर रुपयांच्या आतल्या सेलसाठी काही हजार मोजावे लागतात. घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर टाकून देऊ नका. गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. त्रास होतो का याची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

आता वायरमनच्या कानाकडे. सेल्फ मारल्यावर भराभर ‘टक-टक-टक’ असा आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरीत दिव्यांपुरती वीज आहे, सेल्फपुरती नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फही क्षणभर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एकच जड ‘टक’ आणि दिवे मात्र लख्ख, तर संशय सेल्फवर. सेल्फ जोमाने फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर इंधन, स्पार्क किंवा इमोबिलायझर; डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत असेल तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. आणि काहीच नाही, दिवासुद्धा नाही, तर आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. सैल टर्मिनलपायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या आहेत.

माझं मत विचाराल तर गाडीत सुगंधी बाटली ठेवण्याआधी एक साधा मल्टिमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२च्या खाली गेली तर सेल्फ लागेलच याची हमी नाही. मग इंजिन चालू करून पुन्हा बघायचं. आता आकडा १३.८ ते १४.५च्या दरम्यान हवा. काही नव्या गाड्यांत बॅटरी भरली की तिला वीज पुरवणारा अल्टरनेटर मुद्दाम आखडता हात घेतो, तो भाग वेगळा. पण चालू इंजिनावरही आकडा बाराच्या घरातच रेंगाळत असेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. अशा गाडीत नवी बॅटरी घातली तर तीही थोड्याच दिवसांत उतरते.

उभ्या गाडीतही वीज खर्च होतच असते. अलार्म, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, संगणकाची स्मृती मिळून ३० ते ५० मिलिअँपिअर जाणं साहजिक आहे. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे पंधरवड्यात निम्मी रिकामी. २०२०च्या टाळेबंदीनंतर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रांगेने गाड्या मुक्या झाल्या त्या याच हिशेबाने. त्यावर उपाय म्हणून अनेकजण आठवड्यातून एकदा खाली येऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात. याचा उपयोग फारसा नाही. उभ्या-उभ्या मंद फिरणारं इंजिन बॅटरी जेमतेम भरतं, आणि पुरतं न तापल्यामुळे ऑइलमध्ये पाण्याचा आणि इंधनाचा अंश साचतो. अर्धा तास गाडी फिरवून आणणं केव्हाही चांगलं. बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर नक्कीच, कारण एक्झॉस्टमधल्या फिल्टरची काजळी जळायला सलग वेगाने धावणं लागतं.

थंडीत बॅटरी मरते अशी समजूत आहे. मरते ती उन्हाळ्यात. थंडीत फक्त ते उघड होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. आतली शिशाची जाळी झिजते, पाणी उडतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, तेही इंजिनाच्या शेजारी बसलेल्या बॅटरीचं काय होत असेल ते सांगायला नको. मग डिसेंबरातल्या एका पहाटे दाट झालेलं ऑइल ढकलायला जास्त जोर लागतो, आणि बॅटरीपाशी नेमका तोच उरलेला नसतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासायची, कोरडं पुसून वर व्हॅसलीन लावायचं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड कधीच नाही. तारा सोडवताना आधी ऋण, जोडताना ऋण शेवटी. गाडीची सगळी बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. धन टोक आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस.

शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप घेतानाही क्रम महत्त्वाचा. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या बॅटरीवर न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघत असतो, म्हणून ही खबरदारी. काढताना उलटा क्रम. धक्का मारून गाडी चालू करण्याचा जुना उपाय गिअरच्या गाडीला अजून चालतो, पण बॅटरी पुरती मेली असेल तर नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचा संगणक दोन्ही विजेवर चालतात. ऑटोमॅटिकला तर तो उपाय नाहीच.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना वाटतं, आपण यातून सुटलो. त्यांच्या फरशीखाली शेकडो व्होल्टची प्रचंड बॅटरी असते खरी, पण तिला गाडीशी जोडणारे स्विच बारा व्होल्टवर चालतात, दारं आणि पडदाही त्यावरच. हे बारा व्होल्ट पुरवायला बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत अजून शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडची छोटी बॅटरी असते, गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधलेल्या जातीची. ती उतरली की फरशीखाली चारशे किलोमीटर जाण्याएवढी वीज भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही, आणि मालकाला शेजाऱ्याकडे जंपर वायर मागायला जावंच लागतं.